आधी आखा, मग पुसा

१९८० साली न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच चीनचा दौरा करून आले. बीजिंगच्या रस्त्यांवरचा सायकलींचा लोंढा त्यांच्या डोळ्यांत भरला होता. परतल्यावर त्यांनी मॅनहॅटनच्या काही अ‍ॅव्हेन्यूंवर बुटके कठडे घालून सायकलींसाठी वेगळी वाट काढून दिली. ऑक्टोबरात ती खुली झाली. टॅक्सीवाले खवळले, दुकानदार खवळले, वर्तमानपत्रांनी टर उडवली. नोव्हेंबरातच त्याच महापौरांनी ते कठडे उचलण्याचा हुकूम दिला. वाट बांधून, वापरून, नापास करून मंडळी महिन्याभरात मोकळी झाली. सायकलींच्या मार्गिका काढाव्यात की ठेवाव्यात यावर आज जगभर जी भांडणे चालली आहेत, त्यांतला जवळजवळ प्रत्येक मुद्दा त्या महिन्यात बोलून झाला होता: रस्ता अडतो, धंदा बसतो, सायकलवाले दिसत नाहीत, आणि आम्हाला विचारले कुणी?

मधल्या काळात हा वाद विझल्यासारखा वाटत होता. मग २०२० साल आले. टाळेबंदीत रस्ते ओस पडले आणि बर्लिनपासून बंगळुरूपर्यंत अनेक शहरांनी रातोरात प्लास्टिकचे खांब रोवून सायकलींना जागा करून दिली. गर्दी परतल्यावर हीच जागा मोटारवाल्यांच्या डोळ्यांवर आली. तेव्हापासून काढण्याची लाट सुरू आहे. कुठे निवडणुकीच्या जाहीरनाम्यातून, कुठे कोर्टातून, कुठे गुपचूप. या प्रकरणांचे तपशील शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट सारखी खटकते. मार्गिका आखायची तर आधी सर्वेक्षण, मग प्रायोगिक तत्त्वावर सहा महिने, मग अहवाल, मग जनसुनावणी. पुसायची असेल तर मात्र ‘कोंडी होते’ एवढे एक वाक्य पुरते. ते खरे आहे का, हे ना आधी कुणी तपासते ना नंतर.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण कॅनडातल्या टोरोंटोचे. तिथे हा प्रयोग एकाच घराण्यातल्या दोन भावांनी दोनदा केला.

२०१० मध्ये शहराने जार्विस स्ट्रीटवर सायकलींच्या मार्गिका आखल्या. त्यासाठी रस्त्याच्या मधोमधची पाचवी मार्गिका, जी वेळेनुसार दिशा बदलायची, ती रद्द करावी लागली. महापालिकेने मोजणी केली. सायकलस्वार जवळपास तिप्पट झाले होते, आणि गर्दीच्या वेळी गाड्यांचा प्रवास दोनेक मिनिटांनी लांबला होता. तोवर रॉब फोर्ड महापौर झाले होते. मोटारींविरुद्धचे युद्ध आता संपले, अशी घोषणा त्यांनी पदावर येताच केली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पट्टे खरवडायला यंत्रे आली तेव्हा काही सायकलस्वार यंत्रांपुढे रस्त्यावर बसले. पट्टे गेले ते गेलेच. दोन मिनिटे परत मिळाली का, या प्रश्नात मग कुणालाच रस उरला नाही.

रॉब यांचे थोरले बंधू डग फोर्ड २०१८ पासून ऑन्टारिओ प्रांताचे प्रमुख आहेत. मधल्या काळात शहराने ब्लूर स्ट्रीटवर २०१६ मध्ये प्रायोगिक मार्गिका सुरू केली होती. ब्लूर हा शहराचा पूर्व-पश्चिम कणा आहे. त्याला लागून मेट्रो धावते, दोन्ही बाजूंना दुकानांची रांग आहे. वर्षभराच्या मोजणीत तिथले सायकलस्वार सुमारे निम्म्याने वाढले आणि २०१७ मध्ये नगरसभेने मोठ्या बहुमताने मार्गिका कायम केली. पुढे ती पश्चिमेला इटोबिकोपर्यंत, म्हणजे फोर्ड बंधूंच्या बालेकिल्ल्यापर्यंत वाढत गेली, आणि तिथे ठिणगी पडली. इटोबिकोत घरे विरळ, अंतरे लांब, जो तो गाडीने फिरणारा. तिथल्या रहिवाशांचा राग खोटा नव्हता. पण त्या रागावर जो इलाज काढला गेला तो साऱ्या प्रांताला लागू झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रांतिक सरकारने कायदा केला. मोटारींची मार्गिका घेऊन सायकलींना द्यायची असेल तर यापुढे शहरांनी प्रांताची परवानगी घ्यायची, आणि ब्लूर, यंग व युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यू या टोरोंटोतल्या तीन मोठ्या रस्त्यांवरच्या मार्गिका, सुमारे १९ किलोमीटर, काढून टाकायच्या. महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला की या मार्गिका करायला २.७ कोटी डॉलर लागले होते, काढायला किमान ४.८ कोटी लागतील, आणि वेळेची बचत झालीच तर किरकोळ होईल. कायद्यात आणखी एक कलम होते, त्याकडे बातम्यांत फारसे लक्ष गेले नाही. मार्गिका काढल्यामुळे कुणी जखमी झाले किंवा दगावले तर सरकारवर दावा लावता येणार नाही, असे ते कलम. आपल्या निर्णयाने रस्ता सुरक्षित राहील अशी ज्याची खात्री आहे, तो असले कलम घालायच्या भानगडीत कशाला पडेल?

सायकलस्वारांची संघटना न्यायालयात गेली. सुनावणीत सरकारचीच अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. सरकारने नेमलेल्या सल्लागारांनीच सांगून ठेवले होते की मार्गिका काढल्याने कोंडी सुटेल याची शाश्वती नाही, उलट अपघात वाढू शकतात, आणि तेही केवळ सायकलस्वारांचे नव्हे. ३० जुलै २०२५ रोजी न्यायाधीश पॉल शाबास यांनी मार्गिका काढण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. कॅनडाच्या सनदेतले सातवे कलम जीविताचा आणि सुरक्षिततेचा हक्क देते, त्याचा हा भंग होतो असे त्यांनी म्हटले. निकालातली बारकाई पाहण्यासारखी आहे. सायकल मार्गिका मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे न्यायाधीशांनी मुळीच म्हटले नाही. उद्या सरकारने एकही नवी मार्गिका बांधली नाही तरी त्याविरुद्ध दाद मागता येणार नाही. पण जी सोय माणसांना इजेपासून वाचवते आहे, ती जाणूनबुजून काढून घ्यायची, आणि ज्या हेतूसाठी काढायची तो साधेल याला काडीचा पुरावा नसावा, हे मनमानीत मोडते. सरकारने अपील केले. शिवाय २०२५ च्या अखेरीस दुसरा कायदा आणून, मोटारींची मार्गिका कमी करून सायकलींना जागा द्यायलाच शहरांना बंदी घातली. यापुढे काढायचा प्रश्नच उद्भवू नये, म्हणून बांधणेच बंद.

आता मुद्द्यांकडे वळू. पहिला आणि सर्वांत मोठा, कोंडीचा. साधा तर्क असा की दोन मार्गिकांच्या तीन झाल्या तर गाड्या दीडपट मावतील. कागदावर हे बरोबर दिसते. पण शहरातल्या रस्त्याची क्षमता दोन चौकांमधल्या पट्ट्यावर ठरत नाही, ती चौकात ठरते. सिग्नल हिरवा असताना जितक्या गाड्या चौक ओलांडतात तितकीच त्या रस्त्याची धाव. मधल्या भागात चार मार्गिका केल्या आणि पुढच्या चौकात वळणाऱ्या बसमागे, पादचाऱ्यांसाठी थांबलेल्या गाडीमागे रांग लागणारच असेल, तर ती जास्तीची मार्गिका म्हणजे रांगेत थांबायची ऐसपैस सोय. तीही मोकळी राहिली तर. कडेची मार्गिका मोकळी राहत नाही, हे आपल्याला कॅनडातल्या कुणी शिकवायला नको.

आणि समजा, रस्ता खरेच मोकळा झाला, तर तो तसा राहतो किती दिवस? जिल्स डुरांतों आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासून दाखवले की रस्त्यांची लांबी-रुंदी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचे धावणे वाढते. मोकळा रस्ता नव्या गाड्या ओढतो, आणि कोंडी पुन्हा होती तिथे येऊन बसते. गंमत म्हणजे हा अभ्यास झाला तेव्हा दोघेही शिकवत होते टोरोंटो विद्यापीठात, आणि त्या विद्यापीठाची हद्द ब्लूर स्ट्रीटला लागून आहे.

लंडनमधल्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर तर सायकल मार्गिका काढल्यावर काय होते, तेही बघायला मिळाले. २०२० च्या शरदात तिथे खांब रोवून सायकल मार्गिका झाली, शाळकरी मुले तिच्यावरून जाऊ लागली, आणि सात आठवड्यांत स्थानिक कौन्सिलने ती काढून टाकली. कारण अर्थातच कोंडी. खांब गेल्यावर त्या जागेत मोटारी धावू लागल्या असे समजायचे कारण नाही. तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या. सामान उतरवणारी व्हॅन, पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेला गृहस्थ, भाड्याची वाट बघणारी टॅक्सी. रस्त्यावर जागा ठेवून मोजणाऱ्या स्थानिक गटांना कडेची मार्गिका बहुतेक वेळ अडलेलीच आढळली. काढलेली सायकल मार्गिका शेवटी पार्किंगला मिळते, असा नियम म्हणून सांगितला तरी फारसे चुकणार नाही.

धंद्याचा मुद्दा मला अधिक माणुसकीचा वाटतो, कारण तो मांडणाऱ्याचे पोट त्यावर चालते. दुकानासमोरची पार्किंगची जागा गेली की गिऱ्हाईक गेले, ही भीती नैसर्गिक आहे. पण दुकानदाराचा अंदाज बहुधा चुकतो. ब्लूर स्ट्रीटवरच, मार्गिका होण्याच्या बऱ्याच आधी, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गिऱ्हाइकांपैकी गाडीने येणारे दहा टक्क्यांच्या आसपास निघाले. दुकानदारांना वाटत होते त्याहून हे प्रमाण खूपच कमी होते. गाडीने आलेले गिऱ्हाईक पार्किंग मिळाले नाही की दारात येऊन कुरकुरते, म्हणून ते लक्षात राहते. चालत आलेले मुकाट्याने पाव घेऊन जाते. मार्गिका झाल्यावरच्या पाहणीत त्या पट्ट्यातले येणारे लोक आणि त्यांचा खर्च दोन्ही वाढलेले आढळले. अर्थात हा ब्लूर आहे. माल उतरवायलाच जागा नसलेल्या फर्निचरच्या दुकानाची अडचण वेगळी, आणि तिच्यासाठी सकाळच्या दोन तासांची राखीव जागा हा साधा उपाय आहे. मार्गिका खणून काढणे हा नव्हे.

रुग्णवाहिकांचा मुद्दा युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर जोरात होता, कारण तिथे ओळीने रुग्णालये आहेत. कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका पुढे जायला रुंद सायकल मार्गिकेचाच आधार घेऊ शकते, हे तिथल्या डॉक्टरांपैकी काहींनी दाखवून दिले. टोरोंटोच्या अग्निशमन दलाच्या नोंदींतही मार्गिकांमुळे पोचायला उशीर होत असल्याचे दिसले नव्हते.

जीविताचा हिशेब मात्र वादातीत म्हणावा इतका स्वच्छ आहे. के टेश्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरोंटो व व्हँकुव्हरच्या रुग्णालयांत आलेल्या ६९० जखमी सायकलस्वारांच्या प्रवासांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. कडेला गाड्या लावलेल्या आणि सायकलींची काही सोय नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत, कठड्याने वेगळ्या केलेल्या मार्गिकेवर इजेचा धोका नवव्या हिश्शाइतका होता. नुसत्या रंगाच्या पट्ट्याने एवढा फरक पडत नाही, हेही त्यात दिसते. जुलै २०२४ मध्ये ब्लूरवर एक तरुणी मारली गेली ती कशी? बांधकामाचा राडारोडा टाकायची लोखंडी पेटी मार्गिकेत आणून ठेवली होती. ती टाळायला मार्गिका सोडून वाहतुकीत शिरावे लागले आणि मागून ट्रक आला. मार्गिका काही मीटर बंद पडली तर काय होते ते असे दिसले. सरकार १९ किलोमीटर बंद करू पाहत होते.

राहिला चौथा मुद्दा: सायकलवाले दिसत नाहीत. टोरोंटोत सरकार सायकलने कामाला जाणाऱ्यांचा १.२ टक्क्यांचा आकडा नाचवत होते. तो साऱ्या महानगर परिसराचा होता. ज्या मध्यवर्ती भागात या मार्गिका आहेत तिथे सायकलने कामाला जाणारे त्याच्या कितीतरी पट. पण हा मुद्दा आकड्यांच्या हातचलाखीपाशी सोडून देता येणार नाही. अनेक ठिकाणी मार्गिका खरोखरच रिकाम्या असतात. का असतात, याचे उत्तर नेदरलँड्सने पन्नास वर्षांपूर्वी पैसे मोजून शोधले आहे.

डच लोक जन्मतः सायकलवर बसून येतात असा आपला समज असतो. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेवर मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा अशी चळवळ उभी राहिली, पाठोपाठ तेलसंकट आले, आणि सरकारने हेग व टिलबर्ग या शहरांत प्रत्येकी एक झकपक सायकलमार्ग नमुन्यादाखल बांधला. हेगचे दुकानदार भांडले, तेही आजच्याच भाषेत. पुढे मोजणी झाली तेव्हा कळले की त्या एका रस्त्यावर सायकली खूप झाल्या, पण शहरातले एकूण सायकल चालवणे फारसे वाढले नाही. लोकांनी फक्त रस्ता बदलला होता. मग डेल्फ्ट या छोट्या शहराने वेगळे केले. एकच राजमार्ग बांधण्याऐवजी गल्लीपासून शाळेपर्यंत, घरापासून स्टेशनपर्यंत सगळे तुटलेले दुवे जोडत नेले. तिथे सायकल वाढली. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने हाच धडा २००६ नंतर गिरवला: दीड-दोन वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचे जाळे एकदम, कठड्यांसकट. जिथे सायकलचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या घरात होता तिथे तो काही वर्षांत सहा-सात टक्क्यांवर गेला. सेव्हिलमध्ये सायकलची परंपरा नव्हती आणि उन्हाळा विदर्भाला लाजवील असा असतो, म्हणून हे उदाहरण आपल्याकडच्या ‘इथे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांना मुद्दाम सांगावे.

तेव्हा एखादा सुटा तुकडा बांधायचा, तो रिकामा आहे म्हणून काढायचा, आणि शहराला सायकल नको असा निष्कर्ष काढायचा, हे म्हणजे दोन्ही टोकांना तोडलेली पाइपलाइन टाकून नळ कोरडा आहे त्याअर्थी गावाला तहान नाही असे ठरवण्यासारखे आहे.

हे वाक्य लिहिताना डोळ्यांपुढे पुणे आहे, हे पुणेकरांनी ओळखले असेल. भारतातल्या पहिल्या बीआरटी (म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेच्या) प्रयोगाबरोबर २००६-०७ मध्ये सातारा रस्त्यावर सायकल ट्रॅक झाले. पुढे आणखी रस्त्यांवर झाले. असा कुठलाही जुना ट्रॅक निवडा आणि त्यावरून शंभर पावले चाला. सुरुवातीला लोखंडी खांब, मोटारसायकल शिरू नये म्हणून लावलेले. त्यातला एक वाकवून मोटारसायकलपुरती फट केलेली. पेव्हर ब्लॉक कुठे खचलेले, कुठे उचकटलेले. पुढे महावितरणचा डीपी, ट्रॅकच्या बरोबर मधोमध. त्याला वळसा घालायला सायकल उतरवून फुटपाथवर घ्यायची. मग गॅरेजवाल्याने लावलेल्या पाच-सहा दुचाकी, एकीचे इंजिन उघडलेले. मग बसथांबा, आणि थांब्यापाशी ट्रॅक संपतो. पुन्हा सुरू होतो तो वीतभर उंचीच्या कडेवर, जिथे चढायला उतारच नाही. या ट्रॅकवर सायकल दिसत नाही, यात नवल ते काय! पलीकडे मुख्य रस्त्यावर, बसच्या आणि डंपरच्या मधून, रात्रपाळी संपवून निघालेला सुरक्षारक्षक सायकल मारत असतो. मागे इडलीचे पातेले बांधलेला अण्णाही तिथेच असतो. ट्रॅक आखताना त्यांना कुणी विचारले नव्हते आणि काढतानाही विचारणार नाही. पुण्यात सायकलची चर्चा होते ती रविवारी सकाळी हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघणाऱ्यांची. मला त्यांच्याबद्दल आकस नाही, पण ट्रॅकची गरज त्यांना सर्वांत कमी आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. कागद उत्तम होता. सेव्हिलचे तत्त्व त्यात होते. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, कुणी त्या नदीत टाकल्या, कुणी कुलपे तोडली, आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांतल्या बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्या सायकली गेल्यावर आराखड्याचाही उत्साह ओसरला. मधल्या काळात मेट्रोच्या, उड्डाणपुलांच्या कामांत कितीतरी ट्रॅक कुणाच्या ठरावाशिवाय नाहीसे झाले. टोरोंटोत मार्गिका काढायला कायदा करावा लागला, न्यायालयात उभे राहावे लागले. आपल्याकडे ट्रॅक काढावा लागत नाही, तो आपोआप निघतो.

ठरवून काढलेला आपल्याकडचा सर्वांत गाजलेला रस्ता म्हणजे दिल्लीचा आंबेडकर नगर ते मूलचंद हा बीआरटी. लांबी ५.८ किलोमीटर, एप्रिल २००८ मध्ये सुरू, मधोमध बस आणि डाव्या कडेला सायकलींची स्वतंत्र वाट. त्यावर टीकेचा पाऊस पडला, कारण मोटारी रांगेत आणि शेजारून बस सुसाट, हे दृश्य दक्षिण दिल्लीला सोसवेना. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. रस्त्यावर वाहने किती यापेक्षा माणसे किती जातात हे पाहायचे, या तत्त्वाच्या बाजूने उभे राहून न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये विरोधकांची याचिका फेटाळली. २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही हेच सांगते. त्या रस्त्यावरचे निम्म्याहून अधिक प्रवासी बसने जात होते. तरी २०१५ मध्ये सरकारने तो मोडायचा निर्णय घेतला, आणि पुढच्या वर्षी तो मोडला. रचनेत दोष होते, चौकातले थांबे चुकले होते, हे मान्य. पण सायकलींच्या वाटेबद्दल फारशी तक्रार नसताना तीही सुक्याबरोबर ओल्यासारखी जळाली. कोलकात्याने तर याच्याही पुढे जाऊन २०१३ मध्ये शहरातल्या १७४ रस्त्यांवर सायकललाच बंदी केली होती. ओरड झाल्यावर यादी कमी झाली. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामांना जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते, हे लक्षात घेतले की ही बंदी कुणाच्या मुळावर आली ते कळते.

काही मार्गिका काढायलाच हव्या होत्या, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पवई तलावाच्या काठाने मुंबई महापालिका जो सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बांधत होती तो पाणथळ जागेवर भराव घालून होत होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढायला लावला, आणि योग्य केले. सायकलच्या नावाखाली तलाव बुजवायचा, हे सायकलच्या विरोधकांनाही सुचले नसते. सॅन फ्रान्सिस्कोत व्हॅलेन्सिया स्ट्रीटवर २०२३ मध्ये सायकलींना रस्त्याच्या मधोमध नेण्याचा अचाट प्रयोग झाला. दुकानदार आणि सायकलस्वार, दोघेही कावले. २०२५ मध्ये ती मार्गिका काढली, पण तिच्या जागी कडेने दुसरी केली. बसथांबा आणि फुटपाथ यांच्यामधून सायकल मार्गिका नेली की अंध प्रवाशांची पंचाईत होते, ही तक्रारही रास्त आहे, आणि सायकलप्रेमी ती ऐकून न ऐकल्यासारखे करतात. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, शाळेच्या बसमधून उतरणारी मुले सायकलींपुढे येतात म्हणून काही भागातले संरक्षण २०२५ मध्ये काढले गेले. मुलांची काळजी खरी होती. पण बस थांबायची जागा बदलून ती मिटली नसती का, याचा पुरता शोध झाला असे म्हणवत नाही. त्याच ब्रुकलिनमध्ये प्रॉस्पेक्ट पार्क वेस्टची मार्गिका २०१० मध्ये झाली तेव्हा तिच्या विरोधात वजनदार रहिवाशांनी दावा लावला होता. मोजणीत दिसले की भरधाव गाड्या कमी झाल्या आणि फुटपाथवरून सायकल दामटणारे जवळजवळ नाहीसे झाले. दावा रेंगाळत राहिला, २०१६ मध्ये मागे घेतला गेला, आणि आता तिथे कुणी त्याचा विषयही काढत नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलाचे प्रकरण या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी बसते. २०११ च्या सुमारास झालेला तिथला सायकल ट्रॅक संकुलाच्या आतल्या आत फिरायचा. वांद्रे स्टेशनला तो लागत नव्हता, कुर्ल्यालाही नाही, आणि संकुलात येणारा माणूस तर या दोन स्टेशनांवरून येतो. ट्रॅकवर गाड्या लागल्या, साहेबांची वाट बघणारे ड्रायव्हर टेकले, चहाच्या टपऱ्या आल्या. २०२५ मध्ये एमएमआरडीएने तो काढून एकेका दिशेला दोनच्या तीन मार्गिका करायचे ठरवले. कुणी फारसे हळहळले नाही, आणि तो जसा होता तसा ठेवण्यात मलाही अर्थ दिसत नाही. त्याच्या थोडेच आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, संकुलात भुयारी मेट्रोचे स्टेशन सुरू झाले. स्टेशनपासून कचेरीपर्यंतचा एक-दोन किलोमीटरचा टप्पा, ज्यासाठी आज शेअर रिक्षापुढे रांगा लागतात, सायकलसाठी याहून योग्य अंतर नाही. म्हणजे ट्रॅकला गिऱ्हाईक मिळायची शक्यता पहिल्यांदा निर्माण झाली, आणि तेव्हाच तो मोडीत निघाला.

कोंडी कमी होईल, चौकात थांबायचा वेळ वाचेल, इंधन कमी जळेल, असे या निर्णयाच्या समर्थनात सांगितले गेले. हे सगळे मोजता येण्यासारखे आहे. संकुलातल्या चौकांत सिग्नल आहेत, कॅमेरे आहेत. काम सुरू होण्याआधीच्या आठवड्याचे आणि काम संपल्यावर सहा महिन्यांनंतरच्या आठवड्याचे प्रवासाचे वेळ शेजारी शेजारी छापायला ना निविदा लागते, ना मंत्रालयाची मंजुरी. तिसऱ्या मार्गिकेवर दिवसातून किती तास गाड्या उभ्या असतात, हे मोजायला तर एक माणूस आणि एक खुर्ची पुरे.